टेलदादा

पायी सहलीच्या जाहिरातीत लीडरचा फोटो असतो. एक पाय दगडावर, हात कमरेवर, नजर क्षितिजावर. खाली त्याने सर केलेल्या सुळक्यांची यादी. टेलदादाचा त्यात उल्लेखही नसतो. पण चाळीस माणसांची रांग डोंगराला लागली की पुढे लीडर, मध्ये एक शिट्टीवाला आणि सगळ्यांत शेवटी टेलदादा, ही मांडणी ठरलेली. आपल्या मागे कुणाला राहू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्यामुळे हा माणूस आजवर कुठल्याही माथ्यावर वेळेत पोचलेला नाही. कळसूबाईचा सूर्योदय त्याने शिडीवर पाहिला. ग्रुप फोटोत तो नसतो, कारण फोटो निघतो तेव्हा तो दोन वळणं खाली कुणाच्या तरी पोटरीतला गोळा चोळत बसलेला असतो. वर येतो तेव्हा पोह्यांच्या पातेल्यात मिरच्या उरलेल्या असतात. त्याचं खरं नाव बहुतेकांना माहीत नाही. फोनमध्ये नंबरसुद्धा ‘टेल’ म्हणूनच साठवलेला.

वय पस्तीस ते पंचावन्न यांच्यामधलं काहीही. पाठीवर स्वतःची सॅक, पोटावर दुसऱ्याची. गळ्यात पंचा.

मागे पडणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. दम तर लागलेला असतो, पण थांबायची लाज वाटते. पहिल्या चढाला लीडरच्या खांद्याला खांदा लावून चालणारे बँकेतले साहेब दुसऱ्या चढाला मध्यावर येतात आणि तिसऱ्याला टेलदादाच्या हवाली होतात. अशा साहेबांना ‘बसा जरा’ म्हणून चालत नाही. शाखा सांभाळलेला माणूस कुणी सांगितलं म्हणून बसत नाही. टेलदादा तसं कधी म्हणतच नाही. साहेबांची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजायला लागली की त्याला एकदम कारवी दिसते.

“साहेब, ही बघा कारवी. सात वर्षांनी एकदा फुलते.”

साहेब थांबतात. कारवीकडे आदराने बघतात. मग तिच्या काठ्यांचे कूड, तिच्या फुलांचा मध हे सगळं पुरवून पुरवून सांगून होतं, श्वास जागेवर येतो आणि मंडळी पुढे निघतात. पुढच्या वळणावर कारवी नसली तर दगड असतोच. “हा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा.” चढ फारच उभा असला तर समोरच्या कड्यातले लाव्ह्याचे थर एकेक करून मोजले जातात. संध्याकाळी गडावर पुढची पोरं ‘व्ह्यू भारी होता’ एवढंच सांगू शकतात. साहेब मात्र त्यांना सह्याद्री कसा घडला ते समजावून सांगतात. आपल्याला दम लागला होता, हे त्यांना आठवतही नाही.

खोटं बोलणं हा या कामाचा दुसरा भाग. ‘दहा मिनिटं’ म्हणजे पाऊण तास. ‘आता सपाटीच आहे’ म्हणजे अजून एक चढ आहे. ‘ते काय, दिसतंय ते’ म्हणजे दिसतंय ते नव्हे, त्याच्या मागचं. वाटेत गावकरी भेटला की टेलदादाच्या पोटात गोळा येतो. काकू हमखास विचारणार, “दादा, गड किती लांब हो?” आणि तो म्हणणार, “ह्यो काय, अर्धा तास.” त्याचा अर्धा तास खराच असतो, फक्त तो त्याच्या पायांचा असतो. काकू तो मनगटावर लावतात आणि पुढचे दोन तास टेलदादाला त्याचा जाब द्यावा लागतो. राजगडाहून तोरण्याला निघालं की संजीवनी माचीवरून तोरणा समोरच दिसतो, हात लांबवला तर लागेल इतका. मध्ये किती चढउतार आहेत ते टेलदादाला ठाऊक. म्हणून तिथे तो कुणाला समोर बघूच देत नाही. माचीच्या दुहेरी, चिलखती तटबंदीत तो मंडळींना असा गुंतवतो की तोरणा विसरून जावा.

दर सहलीला कुणीतरी कपाटात वर्षानुवर्षं जपून ठेवलेले महागाचे बूट घालून येतं. पॉलियुरेथेनचा सोल नुसता पडून राहिला तरी हवेतल्या दमटपणाने आतून कुजत जातो. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत, ऐन जुलैच्या पावसात, मसाई पठारावरच्या चिखलात तो तोंड उघडतो. टेलदादाच्या सॅकमधून सुतळी निघते. सोबत सेफ्टी पिना, क्रेप बँडेज, लिंबू आणि मीठसाखरेची पुडी असतेच. बूट आवळताना ‘बाजीप्रभूंच्या मावळ्यांच्या पायात काय होतं?’ असलं काही तो विचारत नाही. तो प्रश्न रात्री मुक्कामावर, जेवण झाल्यावर, लीडर विचारतो. टेलदादा विचारतो, “घट्ट झालं का, काकू?”

कोकणात पुळणीपुळणीने चालायच्या सहलीला चढ नसतो, तेव्हा तिथे याला आराम असेल असं वाटतं. पण डोंगर जागेवर थांबतो, समुद्र थांबत नाही. खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जायचं तर ओहोटी गाठावी लागते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. टेलदादाच्या खिशातल्या वहीत त्याचं कोष्टक असतं. मंडळींच्या खिशात शिंपले असतात. डोंगरात ज्याचा आवाज कधी चढत नाही तो माणूस इथे ओरडतो, “ताई, शिंपले पुढेही मिळतील! ही वाट तासाभरात पाण्याखाली जाणार आहे!” इथे तो अक्षरशः खरं बोलत असतो, पण लोकांना त्याच्या दहा मिनिटांची सवय झालेली. पाणी गुडघ्याला लागलं की पटतं.

हा माणूस बेकार होतो तो फक्त वारीत. हल्ली शहरातली मंडळी सुट्टी काढून पुणे ते सासवड एवढाच टप्पा चालतात. तिथे दिवेघाटात टेलदादाने सवयीने मागे वळून पाहिलं, तर मागे दुसरी दिंडी. पताका, टाळकरी, पखवाज, वीणा, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया आणि त्यांच्यामागे लगेच तिसरी दिंडी. शेवटचा माणूस नेमका कोण हे सांगायची सोयच नाही. एवढ्यात साहेबांची धाप वाढली. टेलदादाने त्यांना कडेला घेऊन सुरुवात केली, “साहेब, माउलींच्या रथालासुद्धा या घाटात जादा बैलजोड्या जुंपतात...” मागून सत्तरीतल्या एक आजी आल्या. “माउली, बसू नगा. बसलं की पाय भरत्यात,” एवढं बोलून पुढे निघूनही गेल्या. साहेब उठले आणि बेसाल्टकडे ढुंकूनही न बघता घाट चढून गेले. टेलदादा आजींच्या पाठमोऱ्या नऊवारीकडे बघत राहिला. आपल्या धंद्यातलं माणूस त्याने ओळखलं होतं.

लीडर कितीही चांगला असला तरी त्याच्याबरोबर दहा जण पुढे पोचतात, आणि ते दहा जण त्याच्याशिवायही पोचलेच असते. उरलेल्या तीस जणांची सहल टेलदादा करतो. तेव्हा नाव नोंदवायला फोन कराल तेव्हा फी, जेवण आणि अंतर विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा : टेलला कोण आहे? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पैसे भरू नका.