अजून एक बसतो!

पाचोऱ्याहून भडगावला निघणाऱ्या काळी-पिवळीला वेळापत्रक नसतं, भरती असते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात अशा मॅक्सी कॅबला चालक सोडून जास्तीत जास्त बारा प्रवासी. हा आकडा ‘गाडी अर्धी भरली’ असा वाचायचा, हे इकडे शेंबडं पोरही जाणतं. “सरका ना भो जरा, अजून एक बसतो!” म्हणत पोऱ्या मागे लटकतो. चालक उजव्या दारातून अर्धा बाहेर, आणि गिअर पडावा म्हणून शेजारच्या गुरुजींनी दरवेळी गुडघा वळवायचा. चौफुलीवर साहेब उभे दिसले की चौघं आधीच उतरतात, पायी चौफुली ओलांडतात आणि पुढे पुन्हा चढतात. कायदा पाळला गेला!

या भागात दुसरी सोय? पाचोरा-जामनेर ‘पीजे’ रेल्वे 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तिच्या रुंदीकरणाची चर्चा मात्र सुपरफास्ट धावते. एसटीत 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पण त्यासाठी आधी एसटी यावी लागते. ती येईस्तोवर काळी-पिवळीवाल्याने “या मावशी” म्हणत त्यांना पूर्ण भाड्यात, चौघींच्या बाकावर सहावी म्हणून बसवलेलं असतं.