हँडल तापता काय?

हीटेड ग्रिप्स म्हणजे काय, हे जामसंड्यात मी ज्याला ज्याला समजावून सांगितलं, त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग वर सूर्याकडे.

"म्हणजे हँडल गरम जाता?"

"होय."

"ता तर वतात गाडी लावल्यार आपसूक जाता."

यावर माझ्याकडे उत्तर नसे, म्हणून मी तांत्रिक माहिती देई. रबराच्या ग्रीपच्या पोटात गुंडाळलेली तार, बारा व्होल्ट, जोडीला मिळून तीन-चार अँपिअर, डाव्या हाताशी तीन पायऱ्यांचं बटण. माहिती देताना माझा आवाज किंचित खाली येतो, विमानाचा कॅप्टन बोलतो तसा. ऐकणारा "बरां" म्हणून मासळी आणायला निघून जाई. त्या "बरां"मध्ये किती काय मावतं हे सिंधुदुर्गाबाहेरच्या माणसाला कळणार नाही.

लडाखचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मुंबईतल्या मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला होता आणि त्याला खारदुंगलाच्या पाटीचा फोटो लागला होता. त्या पाटीवर वर्षानुवर्षं उंची १८,३८० फूट लिहिलेली होती. नीट मोजल्यावर ती खिंड १७,५८२ फुटांची निघाली. आठशे फुटांची थाप मारून जगभरच्या मोटारसायकलवाल्यांना समोर फोटो काढायला लावणाऱ्या त्या पाटीशी माझे सूर पहिल्यापासून जुळले होते. पुढे ग्रुपमधल्या एकाच्या मुलीची दहावी आली, एकाचा गुडघा आला, एकाचा हप्ता आला. ग्रिप्स मात्र आल्या होत्या आणि बसल्याही होत्या. मग मी त्या घेऊन जायचो कुठे, तर कोल्हापूरला. तळेबाजार, शिरगाव, नांदगाव करत हायवे गाठायचा, तळेऱ्याला वळून वैभववाडी, करूळ घाट आणि वर गगनबावडा. जानेवारीत पहाटे तिथे बोटं खरोखर वाजतात. चहाच्या टपरीवर उतरून हातमोजे एकेक बोट सुटं करत काढायचे आणि समोरच्याला सहज म्हणायचं, "हात टेकवून बघा हँडलाला." तेवढ्यासाठी घाट चढणं मला परवडत असे.

इथे थोडं थंडीबद्दल सांगायला हवं. थोडं म्हणजे बरंच. देवगड तालुक्यातल्या माणसाला थंडीबद्दल थोडं बोलताच येत नाही.

घाटावर थंडी पडली की लोक स्वेटर काढतात. आमच्याकडे थंडी पडली की लोक बागेत जाऊन मान वर करून उभे राहतात. पाऊस सरला, जमीन सुकली आणि वेळेवर गारवा आला तर कलमांना मोहोर येतो. गारवा आला नाही तर झाड कंटाळून पालवी काढतं. लालसर, तकतकीत, फोटो काढावा अशी पालवी. ती बघून पर्यटक "वॉव" म्हणतो आणि बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, कारण पालवी पेटीत भरून वाशीला पाठवता येत नाही. म्हणून नोव्हेंबरपासून जामसंड्यात "कसा काय?" या प्रश्नाचं उत्तर प्रकृतीविषयी नसतं. "रात्री पांघरूण घेतलंय" असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा फुलतो. "पंखो लावन् झोपलंय" म्हटलं की दोघंही गप्प.

बरं, थंडी हवी म्हणून कितीही चालेल असंही नाही. कणी धरली, वाटाण्याएवढी झाली, आता सुपारीएवढी होणार, तोवर थंडी पुन्हा जोर धरते. मग त्याच झाडाला हुक्की येऊन दुसरा मोहोर फुटतो आणि झाड सगळा जीव नव्या मोहोराला लावून धरलेली कणी खाली टाकतं. ढग आले तर तुडतुडे. ढग नसले तर फुलकिडे. दोन्ही नसले तर फवारणीच्या औषधाचं बिल असतंच. एवढ्यातून जो वाचतो तो हापूस. त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हांला आनंद झाला, पण थंडीला कुणी मानांकन देऊन जागेवर थांबवून ठेवलं असतं तर जास्त झाला असता. जानेवारीत वाशी मार्केटात हंगामाची पहिली पेटी गेल्याची बातमी येते, पेटीला झेंडूचा हार घातलेला फोटो येतो. त्या फोटोकडे बघून मुंबईकराच्या तोंडाला पाणी सुटतं. आमच्याकडे आंबा उत्पादक संस्थेच्या आवारात उभी असलेली माणसं तो फोटो मोबाइलवर मोठा करून देठ बघतात, रंग बघतात आणि "ह्यो खंयचो?" म्हणून वाद घालतात.

तर अशा गावात, जिथे दोन हजार कलमांचा मालकही थंडीसाठी देवाला गाऱ्हाणं घालतो, तिथे मी थंडी घालवण्याचं यंत्र घेऊन फिरत होतो. गेल्या डिसेंबरात रात्रीसुद्धा शर्ट अंगाला चिकटत होता, तेव्हा नाक्यावर एकानं मला थांबवून शांतपणे विचारलं, "तुझा ता हँडल बंद आसा मा?"

कस्टमर केअरचा तर विषयच नको. उजवी ग्रीप तापेनाशी झाली म्हणून मी फोन केला. पलीकडच्या मुलानं पिनकोड विचारला, नकाशात पाहिलं असावं, आणि म्हणाला, "सर, तुमच्याकडे समुद्र आहे ना? मग तुम्हांला प्रॉडक्टची गरज काय आहे?" वॉरंटी संपलेली असणं मी समजू शकतो. पण गरज विचारणारा तू कोण? गरज बघून वस्तू घ्यायच्या ठरल्या तर या देशात मोटारसायकलीचं अर्धं सामान खपणार नाही.

गरज कुणाला होती हे मी त्याला सांगितलं नाही.

बाबांची बोटं सांध्यांवर सुजलेली असतात, सकाळी जास्त. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि शेक सांगितलाय. मी रबरी पिशवी आणली, त्यांनी ती खुंटीला टांगली. इलेक्ट्रिकची आणली, ती पाहुण्यांना दाखवायला ठेवली. "शेक आजाऱ्याक देतत," एवढंच म्हणाले. त्यानंतर एका सकाळी अंगणात गाडी चालू झाल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आलो, तर हे गाडीवर बसलेले. गाडी मेन स्टँडवर, लुंगी गुडघ्यापर्यंत, दोन्ही मुठी हँडलवर आणि नजर समोर कुंपणाच्या शेवग्यावर. "खंय चललास?" विचारलं तर म्हणाले, "गाडी तापवतंय. बंद रवली की बॅटरी उतारता."

तेव्हापासून रोज सकाळी बाबा पंधरा-वीस मिनिटं गाडी तापवतात. वास्तविक बॅटरी त्यामुळेच उतरते. गाडी नुसती उभी राहून घुरघुरत असताना तिची वीज बेताचीच तयार होते. त्यात एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो बंद करायला बटणच नाही. आणि वर या ग्रिप्स. हे मी त्यांना समजावलं तर त्यांनी उपाय काढला आणि रेस धरू लागले. भर अंगणात गाडी गुरकावते, शेजारची काकी विचारते, "भावजी, कोल्हापूराक चललास?" आणि बाबा मान हलवतात. ती होय की नाही, हे तिला आजतागायत कळलेलं नाही.

याच हातांनी त्यांनी कलमं बांधली. भाताच्या पेंढ्यात आंबा असा ठेवायचे की पेटी उघडल्यावर एकाही फळाचा देठ दुसऱ्याला लागलेला नसे. आता शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण त्यांना लागत नाही. ते मला लावायला सांगत नाहीत, गळा उघडा टाकून "उकाडो" म्हणतात. थंडी न पडल्याचा आमच्या घरात झालेला एकमेव फायदा.

उजवी ग्रीप बिघडल्याचं मला त्यांनीच दाखवलं, न सांगता. एका सकाळी पाहिलं तर डावा हात मांडीवर आणि उजवा हात अंगावरून आडवा नेऊन डाव्या मुठीवर. जास्त सुजतो तो उजवाच. थोड्या वेळानं हात बदलायचे, मग पुन्हा उजवा. मला बघितल्यावर त्यांनी आरसा पुसायला घेतला.

मिस्त्रीकडे गेलो. मी त्याला तापमान, रोध, कंट्रोलर असं बरंच सांगत होतो. त्यानं माझ्या बोलण्याकडे कान आणि वायरीकडे डोळे ठेवून मल्टिमीटर लावला. डावीकडे आकडा आला, उजवीकडे शांतता. "तार तुटली," तो म्हणाला. उजवी ग्रीप म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, ती सारखी फिरते आणि तिच्याबरोबर तिची वायरही पिळते. घाट चढून ती एवढी पिळली नसती. अंगणात रेस धरून पिळली. ग्रीपमधून वायर बाहेर येते त्या ठिकाणी त्यानं ब्लेडनं आवरण सोललं. आतल्या तांब्यावर हिरवा कळंक चढला होता आणि तार बोटानं चोळताच भुगा झाली. खारं वारं आवरणाच्या आत कसं शिरतं हे त्या वाऱ्यालाच माहीत. नवी जोडी मागवायची तर ती डावी-उजवी मिळूनच येते, एकटी उजवी कुणी विकत नाही. मिस्त्री म्हणाला, "आतली कॉइल बरी आसा. जोडून देतंय." कळंक चढलेला भाग कापून टाकला, चांगलं तांबं लागेपर्यंत मागे गेला, नवीन तुकडा जोडून सोल्डर मारला, वर स्लीव्ह चढवून लायटरनं आवळली. मग वायरीला एक सैल वेढा ठेवला, मूठ पूर्ण फिरवून तो ताणत नाही ना हे बघितलं आणि विचारलं, "ही चालवता कोण? इतक्या लवकर जावची नाय ही."

"मीच," मी म्हणालो. "लडाखची प्रॅक्टिस."

"बरां," तो म्हणाला.

गाडी पोचवायला तो स्वतःच घरी आला. बाबा पडवीतच होते. त्यांनी खाली येऊन दोन्ही मुठी धरल्या, डोळे बारीक केले आणि मिस्त्रीला म्हणाले, "डावी वायच कमी तापता. ती पण बघूक होयी होती." मिस्त्रीनं ते मनावर घेतलं नाही. मजुरी किती विचारली तर हात झटकले. "पैशे ऱ्हवांदे हो. सीझनाक एक पेटी द्या, झाला."

बाबांनी मुठी सोडल्या, मागे वळून कलमांकडे पाहिलं. शेंड्यांना सगळीकडे लालसर पालवी होती. मग त्यांनी लुंगीच्या ओटीतून घडी केलेल्या नोटा काढल्या आणि सुजलेल्या बोटांनी त्या एकेक सुट्या करत म्हणाले, "ह्या वर्षाक रोख घे."