अप्पांना माऊस वश करून देण्याचा विधी

प्रथम मुहूर्त. रविवारची दुपार टाळावी. अप्पांची वामकुक्षी आणि तुमचा उतावळेपणा दोन्ही त्याच वेळी भरात असतात. सकाळी दुसऱ्या चहानंतर बसावं. साहित्य: तारेचा माऊस एक (बिनतारी नको, त्याची बॅटरी संपली की अप्पा स्वतःला दोष देतात), जाड पुठ्ठा एक, लाल टिकली एक. टिकली आईच्या आरशावरून काढावी. विचारून.

आरंभी थोडा इतिहास सांगावा. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस बनवला. तो लाकडी होता आणि त्याला बटण एकच होतं. म्हणजे माऊस स्वतःच साठी ओलांडलेला ज्येष्ठ नागरिक आहे, हे ऐकून अप्पा खूश होतात. मग विचारतात, "एकात भागत होतं ना? दुसरं कशाला वाढवलं?" इथे वाद घालू नये. डाव्या बटणावर टिकली चिकटवावी आणि सांगावं, बोट हिच्यावर, बाकी सारं सोवळ्यातलं. टिकली न बघता बोटाला लागते, हा तिचा खरा गुण.

आता टेबल. अप्पांच्या टेबलावर काच आहे, काचेखाली लग्नातले फोटो. माऊस पोटातल्या दिव्याच्या उजेडात खालच्या पृष्ठभागावरचे बारीक खडबडीत ठसे टिपत सरकतो. गुळगुळीत काचेवर त्याला टिपायला काही मिळत नाही आणि बाण उड्या मारतो. आम्ही आठवडाभर याचं खापर अप्पांच्या हातावर फोडत होतो. पुठ्ठा ठेवला आणि हात बरा झाला.

यापुढचा अध्याय डबल-क्लिकचा. बहुतेक घरांत भांडण इथेच होतं, म्हणून सावकाश वाचावा. विंडोज दोन टिचक्यांमध्ये साधारण ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद वाट बघतं. शिवाय दोन्ही टिचक्या जवळजवळ एकाच जागी पडाव्या लागतात. मध्ये हात जरा सरकला की डबल-क्लिक बाद. टिचक्या सावकाश पडल्या तर संगणकाला वाटतं, यांना फाइलचं नाव बदलायचंय. आमच्याकडे पेन्शनच्या कागदांचा फोल्डर काही दिवस 'ककककक' या नावाने नांदत होता. उपाय: कंट्रोल पॅनेलमध्ये माऊसवर जावं, डबल-क्लिकच्या वेगाची पट्टी पार डावीकडे ओढावी. मग माऊस ९०० मिलिसेकंदांपर्यंत थांबतो. शिकवणाऱ्याला अशी पट्टी कुठे बसवलेली असते, ते मात्र त्या पॅनेलमध्ये सापडत नाही.

तरीही जमलं नाही तर डबल-क्लिकच काढून टाकावं. फोल्डर ऑप्शन्समध्ये एकाच टिचकीने फाइल उघडण्याची सोय कधीपासून आहे. आम्हाला ती सापडली ती अप्पांनी दोन दिवस अबोला धरल्यावर.

बाण मोठा करावा, काळा करावा. हरवला की कंट्रोलची कळ दाबल्यावर त्याच्याभोवती वर्तुळं उमटतील अशीही सोय सुरू करावी. अप्पा ती गरज नसतानाही दाबतात, मजा येते म्हणून.

बाणाच्या वेगात मात्र खरा पेच आहे. हात थरथरतो म्हणून वेग कमी केला, तर पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत टेबल संपतं. "संपलं. आता?" असं अप्पांनी विचारल्यावर माऊस उचलून मागे ठेवून दाखवावा. उचललेला असताना बाण जागचा हलत नाही, हे त्यांना दोनदा दाखवावं लागतं आणि दोन्ही वेळा ती चलाखी वाटते. थरथर फारच असेल तर ट्रॅकबॉल आणावा: तो टेबलावर ठाण मांडून बसतो, फिरतो फक्त चेंडू.

ओढायचा सराव पत्त्यांच्या सॉलिटेअरवर द्यावा. इथे शिकवणी संपते, कारण अप्पा जागा सोडत नाहीत.

परवा विजेचं बिल भरायचं होतं म्हणून मी त्या खुर्चीत बसलो. बाण लिंबाएवढा, चालतो गोगलगायीसारखा. सवयीने फाइलवर दोनदा टिचकी मारली आणि एकाच्या जागी दोन खिडक्या उघडल्या. एक मिटवायला गेलो तर भलतंच काही उघडलं. अप्पा मागे उभे होते, हातात चहा.

"अरे, दोनदा कशाला दाबतोस? एकदाच. टिकलीवर. आणि हळू, घाई नाही कसली."