गद्धेपन्नाशी

मूर्खपणाला कोणत्या वयात किती सवलत द्यायची, हे मराठीने फार पूर्वीच ठरवून टाकलं आहे. पंचविशीपर्यंत काहीही करा, गद्धेपंचविशी म्हणून लोक सोडून देतात. साठी उलटली की बुद्धी नाठी होणार हे धरूनच चालायचं. पुढे जे होईल त्याला म्हातारचळ म्हणायचं आणि चहा टाकायचा. मध्ये चाळिशी लागते, पण ती नाकावर. राहता राहिली पन्नाशी. त्या वयात माणसाला थोडं वेड्यासारखं वागावंसं वाटलं, तर पाठीशी उभी राहील अशी एक म्हण सापडायची नाही. हा शोध मी बावन्नाव्या वर्षी लावला, तोही गरज पडल्यावर.

शास्त्रकार मात्र सावध होते. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांत, पंचावन्नाव्या वर्षी वारुणी, साठीला उग्ररथ. दर पाच वर्षांनी माणसात काहीतरी उफाळतं आणि ते शांत करावं लागतं, हे त्यांना चांगलं ठाऊक असणार. पश्चिमेकडे ही गोष्ट लक्षात यायला १९६५ साल उजाडलं. एलियट जॅक्स नावाच्या मनोविश्लेषकाने तेव्हा मध्यमवयातल्या या पेचाला नाव दिलं. त्याच्या हिशेबाने तो पस्तिशीच्या आसपास येतो. आमच्या महाडला तो सतरा वर्षं उशिरा पोहोचला, यात मला नवल वाटत नाही. चौपदरी रस्त्याचंही तेच झालं. आमच्या भटजींनी पन्नाशीला शांतीचं सुचवलं होतं, मी खर्चाकडे बघून टाळलं. पुढचं सगळं त्यामुळेच घडलं, असं आमच्या हिचं ठाम मत आहे.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, कड्या-कोयंडे, नळाचे पाईप, पत्रे, सिमेंट आणि भिंतीचे रंग. बँकेत भरणा करायला वर्षानुवर्षं दुकानातला पोऱ्या जायचा, तोही आठवड्यातून एकदा. मग एका पावसाळ्याच्या तोंडाला बँकेत नवीन बाई आल्या. विदर्भातून बदली होऊन आलेल्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या. त्या दिवशी पोऱ्या आजारी होता म्हणून मी गेलो. त्यांनी काचेपलीकडून बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "काय पाऊस पडून राहिला हो तुमच्याकडे!"

तुमच्याकडे! जणू महाडचा पाऊस माझ्या परसात तयार होतो आणि मी तो खास त्यांच्यासाठी सोडला आहे. बावन्न वर्षं मी या पावसाला शिव्या देत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी पोऱ्या बरा होता. तरी मीच गेलो. आठवड्याचा भरणा एकदम करायच्या ऐवजी मी त्याचे तुकडे पाडले. आज चार हजार, उद्या साडेतीन. स्लिपवरचं माझं अक्षर सुधारलं. पंधरा दिवसांनी बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही तर रोजच येऊन राहिले!" वऱ्हाडी बोलीत या 'राहिले'ला राहण्याचा अर्थ नसतो, हे मला माहीत होतं. पण ऐकणाऱ्याच्या मनात असेल तो अर्थ शब्दाला चिकटतो. मला वाटलं, जागा झाली.

यानंतर डोक्याचा प्रश्न आला, म्हणजे डोक्यावरच्या केसांचा. माझ्या दुकानात भिंतीसाठी कितीतरी छटा मिळतात, पण माणसासाठी एकही नाही. महाडच्या पेठेत हेअर डायची पुडी घेणं म्हणजे चौकात फलक लावण्यासारखंच. तेव्हा मी शहाणपणा केला आणि एसटीने पोलादपूर गाठलं. महाबळेश्वरकडे जाणारी मंडळी स्टँडवर वडापाव खात होती. त्यांच्यातून वाट काढत, अफू घ्यायला आल्यासारखा इकडेतिकडे बघत मी एका दुकानात शिरलो आणि तीन पुड्या घेतल्या. दुकानदाराने सुट्टे पैसे देता देता विचारलं, "भावोजी, ताई बऱ्या आहेत ना?" तो माझ्या मेव्हण्याचा वर्गमित्र निघाला. मी घरी पोहोचायच्या आधी पुड्यांची बातमी पोहोचली होती. ही काही बोलली नाही. फक्त रात्री वाढताना म्हणाली, "पोलादपूरला सिमेंट स्वस्त मिळतं वाटतं?"

मोठ्या शहरात माणूस निदान गुपचूप घसरू तरी शकतो. इथे घसरायच्या आधीच कोणीतरी तुमच्या भाच्याला फोन लावून सांगतं, की मामा घसरतायत, बघ.

त्या दिवसांत रात्री झोप येत नसे. अशाच एका रात्री मी मोबाईलवर 'सवत माझी लाडकी' पुन्हा पाहिला. स्मिता तळवलकरांचा हा चित्रपट १९९३ सालचा. तेव्हा मी अधिकृत गद्धेपंचविशीत होतो. मोहन जोशींचा पाघळलेला डॉक्टर बघून मनसोक्त हसलो होतो आणि वर्षा उसगावकरांसाठी माणूस पाघळणारच, असा निकालही दिला होता. या वेळी हसू आलं नाही. या वेळी मी नीना कुलकर्णींकडे बघत होतो. नवऱ्याने दुसरीवर जीव जडवला, तर ही बाई डोकं फोडून न घेता सवतीलाच जवळ करते, आणि तिथून तो गृहस्थ जो अडकतो तो अडकतोच. मग माझं लक्ष शीर्षकाकडे गेलं. ते वाक्य बायकोचं आहे. सगळा चित्रपटभर पाघळला नवरा, आणि पाटीवर बोलते ती बायको! त्याच्याही आधी, १९३६ साली, अत्र्यांनी 'लग्नाची बेडी'त रश्मी नावाची नटी आणून तमाम प्रतिष्ठित पुरुषांच्या टोप्या उडवल्या होत्याच. मराठी रंगभूमीला हा प्राणी जुनाच परिचित आहे. तो प्रेमात पडला की प्रेक्षागृह हसतं. एवढ्या वर्षांत त्याच्यासाठी कोणी हळहळल्याचं मी ऐकलं नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा मला हे जरा अन्यायाचं वाटलं.

म्हणून मी उदाहरण शोधलं, आणि ते तालुक्यातच सापडलं. रायगडाकडे जाताना नाते गाव लागतं. (गावाचं नावच नाते. योगायोगावर माझा विश्वास नाही, पण कधीकधी बसतो.) चिंतामणराव देशमुखांचा जन्म तिथला, १४ जानेवारी १८९६ चा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. पहिली पत्नी रोझिना यांच्या निधनानंतर त्यांनी २२ जानेवारी १९५३ रोजी दुर्गाबाईंशी लग्न केलं. तेव्हा त्यांना सत्तावन्न पूर्ण होऊन आठ दिवस झाले होते. दुर्गाबाई त्रेचाळीसच्या, घटना समितीत बसलेल्या, नियोजन मंडळाच्या सदस्य. लग्नाला साक्षीदारांत पंडित नेहरू. आणि हा माणूस नुसता आकडेमोड करणारा नव्हता, त्याने कालिदासाचं 'मेघदूत' मराठीत आणलं होतं. म्हणजे पन्नाशीनंतरचं प्रेम ही आमच्या तालुक्याची परंपरा आहे, तिच्यात हसण्यासारखं काय?

हे सगळं मी जेवताना, अगदी सहज विषय निघाल्यासारखं, हिच्यासमोर मांडलं. हिने आमटी वाढली. म्हणाली, "अहो, ते विधुर होते. तुमची बायको आमटी वाढतेय." मी म्हटलं, मी नुसतं इतिहासाबद्दल बोलत होतो. "आणि ते नोटांवर सही करायचे. तुम्ही उधारीच्या वहीवर करता. मेघदूत तर लांबच राहिलं, परवा लाइटबिलावरची तारीख मी वाचून दाखवली."

चाळिशी खिशात होती, पण बँकेत जाताना मी ती लावत नसे, म्हणून घरीही सवय सुटली होती.

पाऊस ओसरल्यावर बाईंनी विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे? माणसाला आपलं गाव दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसू लागतं ते अशा प्रश्नाने. मी रायगड सांगितला, शिवथर घळ सांगितली, सवचे गरम पाण्याचे झरे सांगितले आणि शेवटी पाल्याची लेणी. गांधारपाले. मुंबई-गोवा रस्त्याच्या अगदी कडेला, डोंगराच्या कुशीत कोरलेली बौद्ध लेणी. आम्ही रोज त्यांच्यासमोरून जातो आणि वर मान करत नाही. रविवारी बँकेतली चौघं जायची ठरली. वाटाड्या म्हणून मी.

नवे बूट घातले होते. रंग ताजा होता. पायऱ्यांच्या मध्यावर मला एकदम स्थापत्यात गोडी वाटू लागली. मी थांबून समोरच्या झाडाकडे बघत, हे कातळ कसे फोडले असतील, अशी चर्चा सुरू केली. चर्चा श्वास परत येईपर्यंत टिकवायची होती. कपाळावरून घाम ओघळला आणि तो काळसर होता. बाईंनी तो पाहिला, पर्समधून रुमाल काढला आणि काही न बोलता पुढे केला. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर पोहोचल्यावर मात्र माझी बाजू सावरली. तिथून सगळं महाड दिसतं. सावित्री, तिला येऊन मिळणारी गांधारी, मधली दाट पेठ. मी २२ जुलै २०२१ चा पूर सांगायला घेतला. त्या आधीच्या रात्री पाणी कसं चढत गेलं, गटारातून उलटं कसं येऊ लागलं, रंगाचे डबे दुकानात होड्यांसारखे कसे तरंगत होते, सिमेंटच्या गोण्या भिजून जागच्या जागी कशा दगड झाल्या. त्या दगडी गोण्या अजून आमच्या मागच्या दाराला पायरी म्हणून आहेत. मी वह्या पोटमाळ्यावर नेल्या, मी गॅसची टाकी चढवली, शेजारच्या आजींना खांद्यावरून वर घेतलं ते मीच. महाडमध्ये ही गोष्ट कोणी ऐकत नाही, कारण प्रत्येकाची स्वतःची आहे. इथे चार माणसं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. बाई म्हणाल्या, "एकट्यानं केलं हे सगळं?"

"करावं लागतं," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, की मला त्या बाई आवडतात. त्या आवडतच होत्या. पण त्याहून जास्त मला तो माणूस आवडला होता, जो त्यांच्यासमोर उभा राहून पूर सांगत होता. काळ्या केसांचा, चष्मा न लागणारा, आजींना खांद्यावर घेणारा. तो महाडमध्ये दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हता.

पुढच्या रविवारी हिने बाईंना जेवायला बोलावलं. मला विचारलं नाही, फक्त बाजारातून काय आणायचं ते सांगितलं. बेत वालाच्या बिरड्याचा आणि तांदळाच्या भाकरीचा. बाई मुद्दाम लवकर आल्या. मोड आलेले वाल परातीत होते, त्या बसल्या सोलायला. वालाचं साल एकेक करून काढायचं असतं, घाई करता येत नाही, आणि हात गुंतलेले असले की बायका फार मोकळं बोलतात. मी बाहेर पेपर धरून बसलो होतो. आतून बाईंचा आवाज आला, "काकू, पुरात यांनी फारच हिंमत दाखवली म्हणे."

आत थोडा वेळ शांतता. फक्त सालं परातीत पडल्याचा आवाज.

"हो, दाखवली ना," ही म्हणाली. "बॅटरी दाखवली. मी वह्या चढवत होते, हे बॅटरी धरून उभे होते. आजींना शेजारच्या दोन मुलांनी वर घेतलं. यांनी खालून सांगितलं, सांभाळून. टाकी मात्र उचलली यांनी, दोन पायऱ्या. मग कंबर धरली, ती गणपतीपर्यंत."

बाई हसायला लागल्या, आणि ही पण. चांगलं पाचेक मिनिटं चाललं. मग ही जरा थांबून म्हणाली, "पण बॅटरी हलू दिली नाही हो. चार तास. माझे हात थरथरत होते, यांचा उजेड स्थिर होता." पेपर माझ्या हातात उलटा होता, हे मला तेव्हा दिसलं.

बिरडं उत्तम झालं होतं. बाईंनी दोनदा घेतलं. जेवताना त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या, फक्त आता बोलताना त्यांची नजर हिच्याकडे जात होती. दोघी मिळून काहीतरी बघत होत्या, आणि ते काहीतरी म्हणजे मी होतो.

तेव्हापासून भरणा पुन्हा पोऱ्याकडे गेला. दर आठवड्याला एकदा, एकरकमी. चष्मा डोळ्यांवर आला. केसांचा रंग वरून काळा आणि मुळाशी पांढरा असा दोन मजली झाला. रविवारी सकाळी मात्र आमच्या दारात स्कूटी येऊन थांबते. ही आणि बाई पाल्याला जातात. ही पायऱ्या न थांबता चढते, असं मला बाईंकडून कळलं. बाईंना आता महाडच्या पावसाची, पेठेची, पुराची सगळी माहिती आहे. ती मी दिलेली नाही. मी दुकान उघडतो.

गेल्या रविवारी ही आरशासमोर जरा जास्त वेळ उभी होती. कपाटातली तिसरी पुडी, मी विसरलेली, रिकामी होऊन बेसिनवर पडली होती. डोक्यावर टॉवेल गुंडाळून ती बाहेर आली, दोन्ही बाजूंनी मान वळवून मला दाखवली आणि म्हणाली, "रंग चांगला आहे हो. पोलादपूरला जाल तेव्हा आणखी दोन घेऊन या. आणि माझ्या भावाच्या मित्राला सांगा, माझ्यासाठी आहे म्हणून."