वाढीव वास्तव

'वाढीव' हा शब्द माझ्या आयुष्यात नेहमी बिलावरच आला आहे. वाढीव वीजबिल, वाढीव घरपट्टी, वाढीव भाडं. त्यामुळे सई जेव्हा म्हणाली, "बाबा, म्युझियममध्ये ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी आलीय, एकदम वाढीव!" तेव्हा माझा हात आपोआप पाकिटाकडे गेला. तिच्या पिढीत वाढीव म्हणजे झकास, हे मला मागाहून कळलं. गंमत अशी की त्या इंग्रजी शब्दाचं सरळ मराठीही तेच होतं: वाढीव वास्तव. समोर जे आहे ते तसंच ठेवायचं, आणि फोनच्या पडद्यावर त्यात नसलेलं मिसळायचं.

पण हा उद्योग आमच्या घराण्यात फार जुना आहे. त्याचं नाव नानामामा. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. लहानपणी त्याने आम्हाला रायगडावर नेलं. तिथली बाजारपेठ म्हणजे आज उंच दगडी जोत्यांच्या दोन रांगा. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती एवढी उंच, असं तिथले गाइड सांगतातच. नानामामा त्यापुढे घोड्याचा रंग सांगायचा. पुण्याच्या केळकर संग्रहालयातही तेच. दिनकर केळकरांनी जन्मभर हिंडून वीस हजारांवर वस्तू जमवल्या, मुलाच्या आठवणीत त्यांचं संग्रहालय केलं. आणि मामाने त्यातल्या निदान दोनशे वस्तूंच्या मूळ मालकिणींचे स्वभाव आम्हाला सांगितले.

म्हणून या सहलीला मामाला घेतलंच. गाडीत सईने त्याची तयारी करून घेतली. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्याला लावायचं वाढीव वास्तवाचं पहिलं यंत्र केलं, ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे.

"मग माणूस फिरायचा कसा?"

"तेवढ्या तेवढ्यात."

"घाण्याचा बैल," मामाने निकाल दिला.

वॉशिंग्टनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये २०१५ साली सांगाड्यांच्या दालनासाठी एक ॲप काढलं. सांगाड्यावर फोन धरला की त्याच्यावर मांस-कातडं चढून प्राणी हलायला लागे. "एसटीच्या पेन्शनवर हेच उलटं होतं," मामा म्हणाला.

जिल्ह्याच्या गावातलं ते संग्रहालय. दारातच पाटी: 'ॲप डाउनलोड करा, इतिहास जिवंत करा.' दगडी भिंती दोन हात जाड, त्यामुळे आत रेंज नाही. बाहेर चिंचेखाली रेंज होती. तिथे अर्धा तास उभं राहून आम्ही इतिहास फोनमध्ये उतरवून घेतला.

पहिली तलवार. सईने फोन धरला. पडद्यावर सूचना आली: फोन हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. दालनातली पाच-सहा माणसं काचेच्या कपाटापुढे संथपणे फोन फिरवत उभी होती. नानामामाने टोपी सारखी केली आणि हात जोडले. त्याला वाटलं, ओवाळणं चाललंय.

मग सईने त्याला आतली गोष्ट समजावली, आणि ती मलाही नवीन होती. फोनला आधी खरं काहीतरी धरावं लागतं. कॅमेरा समोरचे कोपरे, कडा, डाग असे ठिपके शोधतो. फोन हलला की जवळचे ठिपके जास्त सरकतात, लांबचे कमी. त्यावरून अंतर काढतो आणि मग त्या ठिपक्यांना आपलं खोटं चित्र टांगतो. कोरी भिंत असली की धरायला काही नाही. अंधुक उजेडात दिसत नाही. आणि काच तर फसवीच, तिच्यात पलीकडचं सगळं उमटतं.

आमच्याकडे तिन्ही होतं. मावळा प्रकटला, पण शिपायाच्या स्टुलावर. शिपाई बसलेलाच होता. सईने फोन जरा सरकवला तर मावळा गुडघ्यापर्यंत फरशीत गेला आणि ताप भरल्यासारखा थरथरायला लागला. त्याने तलवार उपसली ती थेट काचेतल्या मामाच्या प्रतिबिंबावर. "हा कुठल्या डेपोचा?" मामाने विचारलं. तेवढ्यात बॅटरी संपली आणि इतिहास दिवंगत झाला.

पुढचं कपाट रिकामं होतं. आत मखमलीवर अडकित्त्याच्या आकाराची फिकट न झालेली जागा, आणि चिठ्ठी: 'पितळी अडकित्ता, मोराचा आकार. दुरुस्तीसाठी काढला आहे.' चालू फोन असता तरी इथे कशावर धरणार?

नानामामा मात्र तिथेच थांबला. "असाच होता आमच्याकडे," तो म्हणाला. "आजीचा. मोराच्या डोळ्यात लाल खडा." त्याने उजवा हात पुढे केला, चार बोटं खाली, अंगठा वर. डाव्या चिमटीत सुपारी धरली. म्हणजे काहीच धरलं नाही. "जोर नाही लावायचा. सुपारीला कळता कामा नये." आणि मनगट असं काही दाबलं की तोंडाने केलेला 'कट्' हा आवाज त्या हातातूनच आला असं वाटलं. एक बाई सुपारीचे तुकडे पडले असावेत तशी मागे सरकली. "लहानपणी एकदा चुकलो," म्हणून मामाने अंगठ्यावरचा व्रण दाखवला. स्टुलावरचा शिपाईसुद्धा उठून बघायला आला. मावळ्यासाठी तो उठला नव्हता.

रात्री हे सगळं आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"अडकित्ता? आपल्या घरात सुपारीचं खांड कधी आलं नाही. आजीला वास सोसायचा नाही."

"पण तो व्रण?"

"तिकिटांना भोकं पाडायचा पंच. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात अंगठा सापडला त्यात. पुढे एकतीस वर्षं तोच तर दाबत होता."

मी तो हात आठवला. चार बोटं खाली, अंगठा वर. पंढरपूर-पुणे, पुणे-पंढरपूर, कट् कट्. मामाने सगळा अडकित्ता, मोर आणि आजी त्या एका खऱ्या व्रणाला टांगली होती.

"म्हणजे नानाआजोबा खोटं बोलले?" सईने विचारलं.

"खोटं नाही गं," आई म्हणाली. "वाढवून सांगितलं."

सईने जरा विचार केला.

"पण आजी, त्यांची सुपारी थरथरत नव्हती."