तोंडी आणि लेखी

काकांची उभी नोकरी महसूल खात्यात गेली. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण हातात आलेला कागद शेवटच्या शेऱ्यापर्यंत वाचल्याशिवाय आजही खाली ठेवत नाहीत, मग ती लग्नपत्रिका का असेना. गेल्या पावसाळ्यात ताप चढला म्हणून त्यांना दवाखान्यात दाखल केलं, तेव्हा सलाइन लागायच्या आधी त्यांनी केसपेपर मागून घेतला.

पहिल्याच ओळीवर अडले. ‘सी/ओ फीवर, पाच दिवस.’

“केअर ऑफ फीवर? अरे, मी काय तापाच्या घरी भाड्यानं राहतो?”

डॉक्टरीण बाई वयानं माझ्या भाचीएवढ्या. म्हणाल्या, “काका, ते ‘कम्प्लेंट ऑफ’ आहे. तुमची तक्रार.”

“मी तक्रार केलेली नाही. हिनं केली.” हे काकूंकडे बोट दाखवून.

खाली ‘के/सी/ओ डीएम’ होतं, म्हणजे जुना मधुमेही. ‘नोन केस’ ऐकल्यावर मात्र काका उठूनच बसले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एक केस नव्हती. मग सिम्प्टम आणि साइन. रुग्ण सांगतो ते सिम्प्टम, डॉक्टरला तपासून सापडतं ते साइन, असं बाईंनी समजावलं. म्हणजे एक अर्जदाराचं म्हणणं आणि दुसरा स्थळपाहणीचा पंचनामा. हे काकांना एकदम पटलं. आख्ख्या वैद्यकशास्त्रात त्यांना पटलेली ही बहुधा एकच गोष्ट.

‘प्रोव्हिजनल डायग्नोसिस’ला त्यांनी ‘हंगामी आदेश’ ठरवून टाकलं. त्याखाली टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू अशी संशयितांची यादी. मलेरिया आणि डेंग्यू निगेटिव्ह आले. ‘निगेटिव्ह’ ऐकून काकूंनी पदर डोळ्याला लावला. ही चांगली बातमी आहे हे पटवण्यात माझा अर्धा तास गेला.

विडाल आली 1:160. काका म्हणाले, “नकाशाचं प्रमाण कशाला दिलंय?” रक्तातलं पाणी 160 पट पातळ केलं तरी टायफॉइडच्या जंतूंच्या गुठळ्या होतात, असा त्याचा अर्थ. ही तपासणी 1896 सालची आणि ती फसवते. आधी कधी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा लस घेतली असेल तरी पॉझिटिव्ह येऊ शकते. “तलाठ्याच्या जुन्या नोंदीसारखं,” काका म्हणाले. “माणूस मरून गेला तरी नाव उताऱ्यावर.”

खरा पुरावा ब्लड कल्चरचा. रक्त बाटलीत ठेवून जंतू उगवतायत का ते पाहायचं. सहाव्या दिवशी कुणीतरी केसपेपरवर ‘पीयूओ’ लिहून गेलं. पायरेक्सिया ऑफ अननोन ओरिजिन. ताप आहे, कशानं ते माहीत नाही. एवढं सांगायला भारदस्त शब्द लागतात, कारण ‘माहीत नाही’ला फी कशी लावणार? मी पुस्तकात पाहिलं. 1961 साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी घातलेली अट अशी, की 101 फॅरनहाइटच्या वरचा ताप तीन आठवड्यांहून जास्त यायला हवा आणि दवाखान्यात आठवडाभर शोधूनही कारण सापडायला नको.

“मुदत संपण्याआधीच शेरा?” काका कडाडले. त्या दिवशीचा ताप 102. त्यातला किती जंतूंचा आणि किती ह्या शेऱ्याचा, कोण जाणे.

इंजेक्शनांनी ताप उतरला. कल्चरचा रिपोर्ट आला, ‘नो ग्रोथ’. डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात ‘एन्टेरिक फीवर’, म्हणजे टायफॉइडच, आणि त्याच्या आधी एक ठळक प्रश्नचिन्ह. काका सही करेनात. प्रश्नचिन्हासकट प्रकरण दप्तरी दाखल होतं कसं, त्याचा खुलासा हवा, म्हणाले.

खुलासा काकूंनी केला. सामान आवरताना काकांच्या बंडीच्या खिशात अझिथ्रोमायसिनचं पाकीट सापडलं. गेल्या हिवाळ्यातल्या खोकल्याच्या वेळचं. चार गोळ्या संपलेल्या.

बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो काका, म्हणूनच जंतू उगवले नसतील! दाखल केलं तेव्हाच मी विचारलं होतं, आधी काही औषध घेतलंय का. तुम्ही चक्क नाही म्हणालात!”

काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि कार्डावर मुकाट्यानं सही केली.

“ते तोंडी होतं,” म्हणाले.