तिकीट आहे, ताट नाही

माझा मेहुणा नागपूरचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून जोडीनं भूमध्य समुद्रात क्रूझवर निघालाय. सात रात्री. पैसे भरून झाले, व्हिसा झाला, आणि मग जहाजवाल्यांचं एक पत्रक आलं. ते वाचून दाखवायला त्यानं मला फोन केला. मी तेव्हा जंगलात, भामरागडला होतो, त्यामुळे फोन तीनदा कटला आणि पत्रक मी तीनदा ऐकलं.

दोन रात्री फॉर्मल. पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा, टाय लावावा. उरलेल्या रात्री स्मार्ट कॅज्युअल. हाफपँट, बिनबाह्यांचा बनियन किंवा चपला घालून आल्यास मुख्य भोजनगृहात प्रवेश नाही.

“भाऊजी, स्मार्ट कॅज्युअल म्हणजे काय हो?”

“लग्नाला घालतोस तेच. फक्त घाम वजा कर.”

हसण्यावारी नेलं खरं, पण शेवटची अट कानात अडकून बसली. भामरागडपासून हेमलकसा तीन किलोमीटर. हाफपँट आणि बिनबाह्यांचा बनियन म्हटलं की या भागात कुणालाही एकच माणूस आठवतो. डॉ. प्रकाश आमटे. २३ डिसेंबर १९७३ला त्यांच्या वडिलांनी, बाबा आमट्यांनी, इथं लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि त्यांची पत्नी मंदाकिनी, दोघंही डॉक्टर, या जंगलात येऊन राहिले. अंगभर कपड्यातला माणूस दिसला की इथले माडिया आदिवासी जंगलात पळायचे. त्यांच्या अनुभवात असा माणूस औषध द्यायला येत नसे, काही ना काही न्यायलाच येई. थंडी कडाक्याची, आणि समोरच्याच्या अंगावर फक्त लंगोटी. प्रकाशभाऊंनी आपले जास्तीचे कपडे उतरवले, ते उतरवलेच. पन्नास वर्षं झाली, गणवेश तोच.

आता गंमत ऐका. मेहुण्याचं जहाज एक दिवस मोनॅकोला थांबणार आहे. मोनॅको म्हणजे बंदरात श्रीमंतांच्या यॉटी आणि कॅसिनोच्या दारात काळे कोट. त्याच मोनॅकोनं १९९५ साली प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांच्या सन्मानार्थ पोस्टाचं तिकीट काढलं. म्हणजे हेमलकशाच्या डॉक्टरांना मोनॅकोचं तिकीट मिळालं. पण त्याच बंदराला लागणाऱ्या जहाजावर ते रोजच्या कपड्यांत जेवायला गेले, तर ताट मिळणार नाही. दारावरचा बो-टायवाला पोरगा नम्रपणे म्हणेल, सर, वरच्या डेकवर बुफे आहे.

तो बो-टायवाला हाही एक विनोदच आहे. अमेरिकेत ज्याला टक्सीडो म्हणतात ते नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या धनिकांच्या वसाहतीवरून पडलं. पुढं तोच काळा कोट नि तीच फुलपाखरी गाठ वाढप्याच्या अंगावरही आली. आता खुर्चीवर बसलेला कोण आणि वाढणारा कोण, हे ओळखायचं तर हातात बशी आहे का ते पाहावं लागतं. नागपुरात तर मे महिन्यात, पारा पंचेचाळिसात, नवरदेव कोटात उकडत असतो आणि बँडवालाही कोटात. त्यातल्या त्यात बँडवाल्याच्या कोटाला बटणं जास्त.

साहेबाला हसताना आपण आपलं ताट विसरू नये. जेवायला काय घालून बसावं याचे नियम आपल्या आज्यांकडे जहाजवाल्यांपेक्षा कडक होते. आधी सदरा उतरवा, मग सोवळं नेसा. रेशमी मुकटा नसेल तर लोकरीची धाबळी चालेल, पण ओवळ्यातल्याचा स्पर्श झाला की पुन्हा आंघोळ. साहेबाच्या पंगतीत उघडा माणूस बाहेर, आपल्या पंगतीत सदरेवाला बाहेर. कुणीतरी बाहेर राहिलंच पाहिजे, याबद्दल मात्र दोन्ही पंगतींचं एकमत. नाहीतर आत बसल्याची मजा काय?

या बाबतीत गांधींची गोष्ट मेहुण्याला सांगून पाहिली. १८८८ साली ते विलायतेला निघाले. बोटीवर काळा सूट घालत आणि पांढरा फ्लॅनेलचा राखून ठेवला होता, उतरताना रुबाब व्हावा म्हणून. जेवायच्या टेबलाकडे फिरकलेच नाहीत. काटा-चमचा धरता येईना, आणि कशात मांस नाही हे विचारायचा धीर होईना. घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये खाल्ली. विलायतेत उतरले तर सप्टेंबरअखेर पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये अख्ख्या धक्क्यावर हे एकटेच! शरमेनं मेल्यासारखं झालं. त्रेचाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, तेच गृहस्थ ‘राजपुताना’ बोटीनं पंचा नि चादर घेऊन गेले आणि त्याच वेषात बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजाला भेटून आले.

“ते गांधी होते, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “मी पीडब्ल्यूडीत आहे.”

बरोबर आहे. बनियनवर सगळीकडे शिरायला आधी पन्नास वर्षं जंगलात काढावी लागतात. आणि एक कबूल केलं पाहिजे. हेमलकशाची आश्रमशाळा १९७६ची. तिथं शिकलेली माडिया पोरं आज डॉक्टर आहेत, वकील आहेत, आणि इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचून हिंडतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, जीनच्या खिशात हात घालून उसासे टाकतात की यांची संस्कृती बुडाली. पोरांनी शर्ट घातला हे उत्तमच झालं. एकानं शर्ट काढला म्हणून दुसऱ्याला तो न लाजता घालता आला, एवढा साधा हिशेब आहे.

आमच्याकडचं क्रूझ म्हणजे डोंगा. एका झाडाचं खोड कोरून केलेला. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागड जगापासून तुटतं. डोंग्याचा ड्रेस कोड पाठ करायला सोपा आहे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडा, चपला हातात घ्या, मधोमध उकिडवे बसा आणि हलू नका. मी एकदा बुटांसकट चढलो होतो. डोंगा चालवणारा म्हातारा काही बोलला नाही. नुसता माझ्या बुटांकडे बघत राहिला, मी ते काढेपर्यंत. मग वल्हं मारलं. त्याच्या कपड्यांत बोट बुडाली तर पोहता येतं. माझ्या मेहुण्याच्या थ्री-पीसमध्ये येईल, याची खात्री नाही.

मी त्याला सल्ला दिला की फॉर्मल रात्री सरळ वरचा बुफे गाठ. टाय लागत नाही, आणि पोटाला कोट कळत नाही. त्यानं ऐकलं नाही. धरमपेठेत सूट शिवायला टाकलाय, गडद निळा, पहिलं माप परवा आहे.

“आतून बनियन घालणार ना?” मी विचारलं.

“म्हणजे काय, भाऊजी! बनियनशिवाय शर्ट कसा घालायचा?”